प्लेज, देव आणि आठवीतली मुलगी

प्रश्न असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंची मुलगी आठवीत आहे. सकाळी होमरूममध्ये प्लेज ऑफ अलीजन्स, म्हणजे अमेरिकेच्या झेंड्यापुढची निष्ठेची प्रतिज्ञा, सुरू झाली की गेले तीन आठवडे ती बसून राहते, कारण त्यातले ‘अंडर गॉड’ हे शब्द तिला पटत नाहीत. शिक्षिकेने तिला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं. प्रिन्सिपलने फोन करून सांगितलं, धार्मिक कारण असेल तर पालकांनी लेखी द्यावं, मग बघू. नवरा म्हणतो, ग्रीन कार्डावर आहोत, नसते उद्योग नकोत. नाशिकहून आलेल्या सासूबाई विचारतात, देवाचंच नाव आहे ना, मग घ्यायला काय झालं? शिवाय मुलीच्या सॉकर टीमचा कोच मॅचआधी सगळ्यांना गोल उभं करून प्रार्थना म्हणतो. ते चालतं का?

ताई, आधी निकाल सांगते, कहाणी मागाहून. तुमची मुलगी बसून राहू शकते. तिने निदान उभं तरी राहावं, अशीही सक्ती करता येत नाही. त्यासाठी तिला वर्गाबाहेर काढणं ही शिक्षाच झाली आणि ती बेकायदा आहे. आणि ते ‘धार्मिक कारणाचं’ पत्र मात्र कृपा करून देऊ नका.

आपली माणसं नेमकी त्या पत्रापाशी घसरतात. मी २२ वर्षं वकील म्हणून शाळांची कामं करते, सुरुवातीला एका स्कूल बोर्डाच्या बाजूने, आता बहुतेक पालकांच्या. देशी पालक येतात तेव्हा त्यांच्या फायलीत एक पत्र हमखास असतं. दोन पानी. हिंदू धर्म किती प्राचीन, आपण एकाच ईश्वराची अनेक रूपं कशी मानतो, आम्ही कुटुंब म्हणून किती शांतताप्रिय, आणि शेवटी ‘तरी आमच्या पाल्यास सूट मिळावी ही नम्र विनंती’. अर्ज करायची सवय आपल्या हाडात मुरलेली आहे. एकदा असंच पत्र वाचून एका प्रिन्सिपलने मला मीटिंगमध्ये सरळ विचारलं, “पण हिंदूंना गॉड चालतो ना?” त्याचं चुकलं असं म्हणता येईना. आपणच त्याला परीक्षक करून बसवलं होतं.

हा हक्क सूट म्हणून मिळालेलाच नाही. तो कसा मिळाला ते बघा.

१९३५ साली पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिल या कोळशाच्या खाणींच्या गावात गोबायटस कुटुंबातली दोन मुलं, लिलियन १२ वर्षांची आणि बिली १० वर्षांचा, झेंड्याला सलाम करीनात. कुटुंब जेहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाचं. देवाखेरीज कुणापुढे, कशापुढे नमायचं नाही, ही त्यांची शिकवण. बिलीने स्कूल बोर्डाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. ते आजही जपून ठेवलेलं आहे. स्पेलिंगच्या चुका आहेत, आणि आशय असा की माझं देशावर प्रेम नाही म्हणून मी सलाम करत नाही असं नव्हे. देशावर प्रेम आहेच, पण देवावर जास्त आहे. खाली सही: ‘युअर प्यूपिल’, बिली. दोघांनाही शाळेतून काढलं. खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १९४० च्या जूनमध्ये मुलं ८ विरुद्ध १ अशी हरली. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी लिहिलं की राष्ट्रीय ऐक्य हाच राष्ट्रीय सुरक्षेचा पाया आहे. (कोर्टाच्या कागदांत मुलांचं आडनावसुद्धा चुकीचं पडलं, ‘गोबायटिस’ असं. आजही खटला त्याच नावाने ओळखला जातो.)

पुढच्या काही आठवड्यांत देशभर या पंथाच्या लोकांवर जमाव चालून गेले. मेन राज्यातल्या केनेबंकमध्ये त्यांचं सभागृह जाळलं. कोर्टाने सक्ती वैध ठरवली म्हणजे नकार देणारा देशद्रोही, असा सोपा अर्थ लोकांनी काढला.

तीनच वर्षांत कोर्टाने स्वतःचा निकाल फिरवला. वेस्ट व्हर्जिनियात सलाम न करणाऱ्या मुलांना शाळेतून काढत, मग ‘गैरहजर’ धरत, आणि वर आईबापांना ५० डॉलरपर्यंत दंड आणि ३० दिवसांपर्यंत कैद. त्या वेळचा सलाम म्हणजे उजवा हात सरळ पुढे ताठ. जर्मनीतली छायाचित्रं पेपरात येऊ लागली तेव्हा पालक संघटना आणि बॉय स्काउट्ससुद्धा कुरकुरू लागले की हे हिटलरसारखं दिसतं. शेवटी डिसेंबर १९४२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हात छातीवर आणला. आणि १४ जून १९४३ ला, म्हणजे नेमक्या फ्लॅग डेला, अमेरिकेच्या झेंडा दिनाला, बार्नेट खटल्याचा निकाल लागला, ६ विरुद्ध ३. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा: राजकारण, राष्ट्रवाद, धर्म किंवा मताच्या कुठल्याही बाबतीत योग्य काय हे कुठलाही अधिकारी, लहान असो की मोठा, ठरवून देऊ शकत नाही आणि नागरिकांकडून त्याची कबुली वदवून घेऊ शकत नाही. बाहेर महायुद्ध पेटलेलं असताना हे लिहिलं आहे. हेच जॅक्सन पुढे न्युरेम्बर्गला नाझींवरच्या खटल्यात अमेरिकेचे मुख्य सरकारी वकील झाले.

आता तुमच्या कामाची गोष्ट. मुलं धार्मिक होती, पण निकाल धर्माच्या सवलतीवर दिला गेला नाही. तो वाणीच्या स्वातंत्र्यावर दिला गेला. सक्तीने बोलायला लावणं हेच चूक, मग नकाराचं कारण देव असो, नास्तिकता असो, परराष्ट्र धोरण असो की सकाळी सकाळी आलेला कंटाळा असो. म्हणून कारण विचारायचा अधिकारच शाळेला नाही. तुम्ही कारण लिहून दिलंत की तो अधिकार आपल्या हाताने तिच्या पदरात टाकता.

मग प्रिन्सिपल पत्र का मागतात? बहुतेक वेळा दुष्टाव्याने नाही. न्यू जर्सीच्या शिक्षण कायद्यात एक कलम आहे: रोज प्लेज व्हावी, ज्यांच्या सदसद्विवेकाला ती पटत नाही त्यांना म्हणण्याची सक्ती नाही, मात्र त्यांनी ताठ उभं राहून आदर दाखवावा आणि मुलग्यांनी टोपी काढावी. हे ताठ उभं राहणं १९७८ मध्येच फेडरल अपील कोर्टाने, थर्ड सर्किटने, लिप विरुद्ध मॉरिस या खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. खटला लढणारी याच राज्यातली हायस्कूलची मुलगी होती. पण कायद्याच्या पुस्तकातलं वाक्य कुणी पुसलं नाही. शाळेचं धोरण लिहिणारा माणूस कलम वाचतो, निकाल वाचत नाही. पालकांना मध्ये घालण्याचंही तसंच. पेनसिल्व्हेनियाने कायदा केला होता की मुलाने प्लेज नाकारली तर शाळेने घरी कळवावं. तो याच थर्ड सर्किटने २००४ मध्ये रद्द केला. घरी चिठ्ठी जाणार म्हटल्यावर पोर गप्प बसणार, हे न्यायाधीशांनाही कळलं. फ्लोरिडात मात्र चित्र वेगळं आहे, तिथल्या अपील कोर्टाने पालकांच्या लेखी परवानगीची अट मान्य केली. तेव्हा टँपातल्या मावशीचा सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वापरू नका.

आता सासूबाई. त्यांचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण अमेरिकन कोर्टांनी त्याचं जे उत्तर दिलं आहे ते ऐकून त्या चकित होतील.

मूळ प्लेजमध्ये देव नव्हताच. १८९२ साली फ्रान्सिस बेलामी यांनी मुलांच्या एका मासिकासाठी ती लिहिली, कोलंबसाच्या सफरीच्या ४०० व्या वर्षानिमित्त. बेलामी बाप्टिस्ट पाद्री, आणि वर समाजवादी. झेंडा, प्रजासत्ताक, एकसंध राष्ट्र, सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय, संपलं. पाद्र्याला त्यात देव घालावासा वाटला नाही. ६२ वर्षं ती देवाविनाच चालली. ७ फेब्रुवारी १९५४ च्या रविवारी वॉशिंग्टनच्या न्यूयॉर्क अव्हेन्यू प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये जॉर्ज डॉचर्टी या स्कॉटलंडहून आलेल्या पाद्र्याने प्रवचन दिलं, समोर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर. म्हणाला, ही प्रतिज्ञा मॉस्कोतली पोरंसुद्धा आपल्या विळा-हातोड्याच्या झेंड्यापुढे म्हणू शकतील, यात आपलं असं काय आहे? नास्तिक अमेरिकन ही वदतोव्याघाताची गोष्ट आहे, असंही तो म्हणाला. नाइट्स ऑफ कोलंबस ही कॅथलिक संघटना आधीपासून मागे लागली होतीच. त्याच वर्षी १४ जूनला, पुन्हा फ्लॅग डेला, सही झाली आणि ‘अंडर गॉड’ आत आलं. दोन वर्षांनी ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे राष्ट्रीय ब्रीदवाक्य झालं. शीतयुद्धात कम्युनिस्टांहून वेगळं दिसायचं तर देवाचा टिळा लावणं सर्वांत स्वस्त पडलं.

कॅलिफोर्नियातल्या मायकेल न्यूडाउ या नास्तिक डॉक्टरने त्यावर दावा केला, २००२ मध्ये अपील कोर्टात जिंकला, आणि १४ जून २००४ ला (होय, परत तीच तारीख) सुप्रीम कोर्टाने, मुलीचा कायदेशीर ताबा तुझ्याकडे पुरता नाही म्हणून दावा तू आणू शकत नाहीस, असं सांगून मूळ प्रश्न टाळला. आपल्या राज्यातही असा दावा झाला होता, तो २०१५ मध्ये फेटाळला गेला. हे शब्द टिकवणाऱ्यांचा युक्तिवाद बघा: ही प्रार्थना नाही, इतिहासाची आठवण आहे, औपचारिकता आहे. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी १९८४ मध्ये अशा वाक्यांबद्दल लिहिलं होतं की घोकून घोकून त्यांतला धार्मिक अर्थ उरलेलाच नाही. सासूबाईंना सांगा, सरकारी कागदावर देवाचं नाव टिकवायचं तर आधी त्यात देव नाही हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. त्यांच्या देव्हाऱ्यातल्या देवाबद्दल कुणी असं बोललं असतं तर त्यांना खपलं असतं का?

चर्च आणि राज्य यांच्यात भिंत हवी असं म्हणणारे सगळे पाखंडी होते, असा आपल्याकडे समज आहे. इथला इतिहास उलटा आहे. कनेटिकट राज्यात काँग्रिगेशनल चर्च हे राज्याचं अधिकृत चर्च, त्याच्यासाठी सगळ्यांकडून कर. बाप्टिस्ट माणसाला तो कर चुकवायचा तर आपण खरोखर वेगळ्या चर्चला जातो असा दाखला द्यावा लागे. डॅनबरी बाप्टिस्ट असोसिएशन या चर्चसंघाने १८०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना पत्र लिहिलं. त्यांचं गाऱ्हाणं असं की आम्हाला धर्माचं स्वातंत्र्य मिळतं ते मेहेरबानी म्हणून, हक्क म्हणून नाही. १ जानेवारी १८०२ च्या जेफरसन यांच्या उत्तरात ‘चर्च आणि राज्य यांच्यातली भिंत’ हा शब्दप्रयोग आला. कनेटिकटने अधिकृत चर्च सोडलं ते १८१८ मध्ये. तुमचे प्रिन्सिपल जे पत्र मागताहेत ना, तो तोच दाखला आहे, २०० वर्षांनी.

ही भिंत आपल्यालाही आडवी येते, हे आत्ताच सांगून ठेवते, नंतर माझ्यावर रुसू नका. १९७० च्या दशकात न्यू जर्सीच्या पाच हायस्कूलांत ट्रान्सेन्डेंटल मेडिटेशनचा, म्हणजे महर्षी महेश योगींच्या ध्यानपद्धतीचा, ऐच्छिक वर्ग सुरू झाला. हा धर्म नाही, विज्ञान आहे, असं चालवणारे सांगत. पण मंत्र घेण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने फळं, फुलं आणि एक पांढरा रुमाल घेऊन यायचं, शिक्षक गुरूच्या तसबिरीपुढे संस्कृतात पूजा म्हणणार. आपल्यातल्या कुणालाही त्या ताटाकडे बघून कळलं असतं. फेडरल कोर्टाने १९७७ मध्ये आणि थर्ड सर्किटने १९७९ मध्ये ते बंद केलं. उलट कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटासच्या शाळांतला योग २०१५ मध्ये टिकला, कारण शाळेने त्यातले मंत्र-नमस्कार काढून टाकले आणि पद्मासनाला ‘क्रिसक्रॉस ॲपलसॉस’ असं बालवाडीचं नाव दिलं. ॲपलसॉस हे ऐकून माझ्या आईने कपाळाला हात लावला होता.

तुम्ही सहज विचारलंत, भारतात असतो तर राष्ट्रगीताला ही उभी राहिली नसती का? तिकडचं उत्तर थोडं वेगळं आहे. १९८५ मध्ये केरळात याच जेहोवाज विटनेसेस पंथाची तीन भावंडं ‘जनगणमन’ला आदराने उभी राहत, पण म्हणत नसत. एका आमदाराने विधानसभेत प्रश्न काढला. चौकशीत मुलं वागायला चांगली आहेत, अनादर केलेला नाही, असंच निघालं, तरी शाळेतून काढलं. ११ ऑगस्ट १९८६ ला सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं, आणि न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालपत्रात गोबायटिस आणि बार्नेट दोन्हींची चर्चा आहे. म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या खाणगावातला बिली केरळच्या मुलांच्या उपयोगी पडला. पण तिथे मुलं उभी होती, आणि कोर्टाने त्या उभं राहण्यालाच आदर मानलं. पुण्यात असतात तर मी मुलीला सांगितलं असतं, उभी राहा, ओठ मिटलेले ठेवलेस तरी चालेल. आणि भारतात अशी भिंत आहे असंही समजू नका. पंढरपूरचं मंदिर १९७३ च्या कायद्याखाली चालतं, आषाढीला मुख्यमंत्री शासकीय महापूजा करतात, आणि आपल्याला त्यात वावगं वाटत नाही. न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरावर गव्हर्नरने ट्रस्टी नेमल्याचं कुणी ऐकलं तर मात्र पहिला दावा मीच लावीन. दोन वेगळी घरं आहेत, एकाच्या किल्ल्या दुसऱ्याला लावू नयेत.

कोचचं प्रकरण वेगळं पत्र म्हणून ठेवा, यात मिसळू नका. तिथे कायदा हलता आहे. न्यू जर्सीतल्याच ईस्ट ब्रन्सविकच्या फुटबॉल कोचने मुलांच्या प्रार्थनेत मान झुकवून, गुडघा टेकून सामील व्हायचं नाही, असं थर्ड सर्किटने २००८ मध्ये सांगितलं, कारण आधीची कित्येक वर्षं तो स्वतःच टीमला प्रार्थनेला घेऊन जात होता. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या कोचचा निकाल सुप्रीम कोर्टात ६ विरुद्ध ३ असा त्याच्या बाजूने लागला. बहुमताने म्हटलं, मॅच संपल्यावर मैदानावर एकट्याने केलेली ती खासगी प्रार्थना होती. विरोधी मताने निकालपत्रातच फोटो छापले, त्यात कोचभोवती गुडघे टेकलेल्या खेळाडूंचा गराडा दिसतो. त्या निकालानंतर ईस्ट ब्रन्सविकच्या निकालात पूर्वीचा जोर राहिलेला नाही. पण तुमचा कोच मॅचआधी, टीमला गोल उभं करून, स्वतः म्हणतो. कोणाला खेळवायचं आणि कोणाला बाकावर बसवायचं हे ज्याच्या हातात, त्याने असं करणं ब्रेमर्टननंतरही बसत नाही असं माझं मत आहे. तरी आधी मुलीला विचारा, तिला त्या गोलात नको वाटतं का. मला अशाही मुली भेटल्या आहेत ज्यांना प्लेजचा राग होता आणि गोल आवडत होता. भांडण तुमच्या हौसेचं नको.

तर करायचं काय. प्रिन्सिपलला चार ओळींचा ईमेल, सुपरिंटेंडंटला (प्रिन्सिपलच्या वरचा शाळांचा प्रमुख) कॉपी. आशय असा: आमची मुलगी प्लेजच्या वेळी शांत बसून राहील. बार्नेट आणि लिप विरुद्ध मॉरिस या निकालांनुसार तिला तो हक्क आहे. अमुक आणि तमुक तारखेला तिला वर्गाबाहेर काढलं, ते पुन्हा होणार नाही असं आठवड्याभरात लेखी कळवावं. धन्यवाद. ‘हिंदू’ शब्द नको, ‘विनंती’ नको, शिक्षिकेचं चारित्र्य नको. तारखा मुलीच्या वहीतून पडताळून घ्या, इथे तारीख चुकली की सगळं पत्रच संशयास्पद होतं. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त प्रकरणं इथेच मिटतात, कारण सुपरिंटेंडंट ते पत्र बोर्डाच्या वकिलाला पाठवतो आणि वकील दहा मिनिटांत फोन करून सांगतो की गप्प बसा.

मुलीलाही दोन गोष्टी सांगा. शांत बसायचं, म्हणजे फोन काढायचा नाही, शेजारणीशी खिदळायचं नाही. बसण्याचा हक्क आहे, गोंधळ घालण्याचा नाही. आणि वर्गातली कुणी तिला टोमणे मारले तर ते सहन करायचं नाही, शाळेतल्या काउन्सेलरकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, जाऊन लिहून घ्यायचं. त्याला वेगळे नियम आहेत आणि ते इथे बरेच कडक आहेत.

नवऱ्याची भीती मी हसण्यावारी नेत नाही, हल्लीच्या वातावरणात तर नाहीच. पण शाळेत प्लेज म्हटली की नाही, हा प्रश्न नागरिकत्वाच्या अर्जात कुठेही नाही. शाळेतल्या प्लेजचा नकार हा पोलिसी गुन्हाही नाही. उलट नागरिकत्वाच्या परीक्षेच्या २०२५ पर्यंतच्या जुन्या प्रश्नसंचात धर्मस्वातंत्र्य म्हणजे काय असा प्रश्न होता, आणि सरकारचंच छापील उत्तर होतं: कुठलाही धर्म पाळता येतो, किंवा कुठलाच न पाळता येतो.

नागरिकत्वाच्या शपथेच्या शेवटी ‘सो हेल्प मी गॉड’ येतं. ते गाळता येतं, आधी सांगायचं फक्त. आणि तुम्ही दोघांपैकी एकाने जरी ती घेतली, आणि त्या दिवशी मुलगी १८ च्या आत, ग्रीन कार्डावर, तुमच्याच घरी राहत असली, तर ती आपोआप नागरिक होते. तिला शपथ घ्यावीच लागत नाही. तेव्हा ‘अंडर गॉड’चं काय करायचं ते तिने ठरवलं आहे, ‘सो हेल्प मी गॉड’चं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा, आणि सासूबाई तेव्हा इथे असल्या तर त्यांच्यादेखत ठरवा.